थिन क्लायंट बूट होत नाही, झालाच तर लॉगिन घेत नाही: एलटीएसपीत दोष कुठे शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा: लिनक्स सर्व्हरवर एलटीएसपी (एका सर्व्हरवरून अनेक यंत्रे नेटवर्कने बूट करणारी प्रणाली) बसवलेले आहे, खोलीत ३० थिन क्लायंट, म्हणजे डिस्क नसलेली यंत्रे, आहेत. काही यंत्रे पीएक्सईच्या, म्हणजे नेटवर्कवरून बूट होण्याच्या, संदेशावरच थांबतात. काही कर्नल उतरवून घेतात आणि मग 'इनिटरामएफएस'च्या (कर्नलसोबत येणारी छोटी सुरुवातीची प्रणाली) प्रॉम्प्टवर येऊन पडतात. उरलेल्यांवर लॉगिनची चौकट दिसते, पण बरोबर पासवर्ड देऊनही आत जाता येत नाही. सर्व्हरवर थेट बसून त्याच नावाने लॉगिन केले तर सगळे ठीक चालते. हा एकच दोष आहे की तीन वेगळे?

बहुधा तीन. एखादे सेटिंग बदलून तिन्ही एकदम सुटतील ही आशा आधीच सोडलेली बरी. क्लायंट नेमका कुठवर पोहोचला हे ठरले की निम्मे काम होते, म्हणून आधी तो कसा चालू होतो ते पाहू.

नेटवर्क कार्डातला रॉम डीएचसीपीकडे (नेटवर्कचे पत्ते वाटणारी सेवा) पत्ता मागतो आणि टीएफटीपीने (फाइल उतरवण्याची साधी पद्धत) एक छोटी फाइल आणतो. जुन्या बायोसच्या यंत्रासाठी ती 'अनडीआयओन्ली.केपीएक्सई', नव्या, यूईएफआय फर्मवेअरच्या यंत्रासाठी 'एसएनपीओन्ली.ईएफआय'. ही फाइल म्हणजे आयपीएक्सई, नेटवर्कवरून बूट करणारा छोटा प्रोग्रॅम. आयपीएक्सई पुन्हा पत्ता मागते, 'एलटीएसपी.आयपीएक्सई' हा मेनू वाचते, मग कर्नल, 'इनिटआरडी.आयएमजी' (इनिटरामएफएसची फाइल) आणि 'एलटीएसपी.आयएमजी' उतरवते. कर्नल सुरू झाला की इनिटरामएफएस तिसऱ्यांदा पत्ता मागते, सर्व्हरचे '/एसआरव्ही/एलटीएसपी' हे फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वापरण्याची पद्धत) जोडते, त्यातली स्क्वॉशएफएस इमेज, म्हणजे प्रणालीची दाबून ठेवलेली, फक्त वाचता येणारी प्रत, उघडते आणि तिच्यावर रॅममधला लिहिता येणारा थर चढवते. त्यानंतर सिस्टिमडी (सेवा सुरू करणारा), डिस्प्ले मॅनेजर (लॉगिनची चौकट दाखवणारा), लॉगिन. पासवर्ड तपासण्यासाठी क्लायंट सर्व्हरशी एसएसएच (सुरक्षित दूरस्थ लॉगिन) करतो आणि जमले तर वापरकर्त्याचे होम फोल्डर एसएसएचवरूनच, एसएसएचएफएसने, जोडतो.

एक गोष्ट मनात पक्की धरा. क्लायंटला दिसतो तो सर्व्हर आत्ताचा नसतो, कधीतरी काढलेली त्याची प्रत असते. प्रती तीन आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या कमांडने ताज्या होतात. सॉफ्टवेअर किंवा कर्नल अद्ययावत केले तर 'एलटीएसपी इमेज' चालवावी लागते. नवा वापरकर्ता, एसएसएचच्या बदललेल्या चाव्या किंवा 'एलटीएसपी.कॉन्फ'मधला बदल असेल तर 'एलटीएसपी इनिटआरडी'. मेनू, नवी इमेज किंवा कर्नलला द्यायचे पॅरामीटर बदलले तर 'एलटीएसपी आयपीएक्सई'. त्यानंतर क्लायंट रीबूट. सर्व्हरवर चालते आणि क्लायंटवर चालत नाही अशा तक्रारींत या तीनपैकी एखादी प्रत शिळी असणे हे सगळ्यात नेहमीचे कारण आहे, आणि तपासायलाही हेच सगळ्यात सोपे.

हे सगळे २०१९ मध्ये नव्याने लिहिलेल्या, १९.०८ आणि पुढच्या, एलटीएसपीबद्दल आहे. एखाद्या मार्गदर्शिकेत 'एलटीएस.कॉन्फ', 'एलटीएसपी-अपडेट-इमेज' किंवा एलडीएम ही नावे दिसली तर ती जुन्या पाचव्या आवृत्तीची आहे. ती बंद करा. दोन्हींची भेसळ केली की दोष शोधणे दुप्पट अवघड होते.

आता पीएक्सईवर थांबणारी यंत्रे. पडद्यावरचा कोड पाहिल्याशिवाय काही बदलू नका. ई६१ म्हणजे केबल किंवा लिंक नाही. ई५१ म्हणजे डीएचसीपीचे एकही उत्तर आले नाही; यूईएफआयवर याच अर्थाने ई१६ दिसतो. ई५३ म्हणजे पत्ता मिळाला, पण कोणती फाइल उतरवायची ते कोणी सांगितले नाही. ई५५ म्हणजे प्रॉक्सी डीएचसीपीने (पत्ता न देता फक्त बूटची माहिती देणारी सेवा) पोर्ट ४०११ वर उत्तर दिले नाही. ई३२ म्हणजे फाइलचे नाव कळले, पण टीएफटीपी उत्तर देत नाही. टी०१ म्हणजे टीएफटीपी चालू आहे, पण त्या नावाची फाइल तिथे नाही. हे सहा कोड सहा वेगळ्या जागा दाखवतात. ई३२ आला असताना डीएचसीपीच्या सेटिंगमध्ये खाडाखोड करणे म्हणजे चालणारी गोष्ट बिघडवणे.

सोबत सर्व्हरवर 'टीसीपीडंप' (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारी कमांड) लावा आणि पोर्ट ६७, ६८, ६९ व ४०११ एवढेच पाहा. विचारणा सर्व्हरपर्यंत येतच नसेल तर दोष स्विच, व्हीलॅन किंवा केबलचा. विचारणा येते आणि उत्तर जात नाही, तर डीएनएसमास्क (एलटीएसपीत डीएचसीपी आणि टीएफटीपी सांभाळणारा प्रोग्रॅम) किंवा फायरवॉल. डीएनएसमास्क सुरूच होत नसेल तर त्याचा लॉग वाचा. '६९ पोर्ट आधीच वापरात' असे दिसले तर पूर्वी बसवलेला 'टीएफटीपीडी-एचपीए' हा दुसरा टीएफटीपी सर्व्हर तिथे ठाण मांडून बसलेला असतो. त्याला थांबवा आणि डिसेबल करा, नाहीतर पुढच्या रीबूटला तो परत येतो.

फायरवॉलची एक गोम आहे. टीएफटीपीची पहिली विनंती ६९ वर येते, पण फाइल जाते ती दुसऱ्याच, दर वेळी बदलणाऱ्या पोर्टवरून. त्यामुळे नुसता ६९ उघडून भागत नाही. कर्नल ४.७ पासून कनेक्शन ट्रॅकिंगचा टीएफटीपी हेल्पर (फायरवॉलला हे बदलते पोर्ट ओळखून देणारा भाग) आपोआप जोडला जाणेही बंद झाले, म्हणून पूर्वी चालणारे नियम नव्या सर्व्हरवर तसेच्या तसे चालत नाहीत. डीएनएसमास्कमध्ये 'टीएफटीपी-पोर्ट-रेंज' देऊन ठरावीक पोर्ट उघडणे हा सगळ्यात सरळ उपाय.

काही यंत्रे एका वेळी उठतात, दुसऱ्या वेळी नाही, असे असेल तर स्विचकडे वळा. साध्या स्पॅनिंग ट्रीत (नेटवर्कमधले वेटोळे टाळण्याची स्विचची सोय) लिंक आल्यावर पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मगच पॅकेट पुढे सोडतो. आता वरचा क्रम आठवा: क्लायंट तीनदा पत्ता मागतो आणि बऱ्याच कार्डांवर दर टप्प्याला लिंक पडून पुन्हा उठते. म्हणजे ३० सेकंदांचा खोळंबा एकदा नाही, तीनदा होऊ शकतो. कार्डातला रॉम चिवटपणे विचारत राहतो म्हणून निभावतो. आयपीएक्सई मात्र 'कॉन्फिगरिंग'समोर टिंबे छापत हार मानते. क्लायंटच्या पोर्टांवर एज पोर्ट, म्हणजेच पोर्टफास्ट, चालू करा. स्विच सेटिंग घेत नसेल तर यंत्र आणि त्या स्विचच्या मध्ये एखादा साधा, बिनव्यवस्थापनाचा स्विच लावून पाहा. दोष गेला तर कारण सापडले.

फाइल उतरते आणि यंत्र मुकाट्याने बूट मेनूवर परत येते, असे झाले तर दोन शक्यता. एक, यूईएफआयच्या यंत्राला बायोसची फाइल मिळाली. क्लायंट आपला प्रकार डीएचसीपीच्या ९३ क्रमांकाच्या ऑप्शनमध्ये सांगतो. बायोससाठी ०, ६४ बिटी यूईएफआयसाठी सहसा ७. डीएनएसमास्क तो पाहून योग्य फाइल देतो. राउटरमध्ये ६७ क्रमांकाच्या ऑप्शनला एकच नाव लिहून ठेवलेले असेल तर सगळ्यांना तीच फाइल जाते. दुसरी शक्यता सिक्युअर बूट. सही नसलेली आयपीएक्सई तो चालू देत नाही आणि बऱ्याच फर्मवेअरमध्ये त्याबद्दल चकार शब्द निघत नाही. फर्मवेअरमध्ये जाऊन तो बंद करा.

आयपीएक्सई स्वतःलाच पुन:पुन्हा उतरवत बसली तर डीएचसीपी सर्व्हर रॉम आणि आयपीएक्सई यांत भेद करत नाही, दोघांना तीच फाइल देतो. आयपीएक्सईची विचारणा १७५ क्रमांकाच्या ऑप्शनवरून ओळखता येते. 'एलटीएसपी डीएनएसमास्क'ने तयार केलेल्या फाइलमध्ये ही सोय असते. म्हणून राउटरला फक्त पत्ते वाटू द्या, त्यातले बूटसंबंधी सगळे रकाने रिकामे ठेवा आणि बाकी काम प्रॉक्सी डीएचसीपीवर सोपवा. राउटर आणि सर्व्हर दोघेही बूटची माहिती देऊ लागले की कोणाचे उत्तर आधी पोहोचले यावर यंत्राचे नशीब ठरते.

सकाळी सगळी यंत्रे एकदम चालू केली तरच अडचण येत असेल तर थोडा हिशेब करा. कर्नल, 'इनिटआरडी.आयएमजी' आणि 'एलटीएसपी.आयएमजी' मिळून समजा १०० एमबी. तीस यंत्रांचे ३ जीबी झाले. गिगाबिटच्या एका तारेतून सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, म्हणजे उत्तम परिस्थितीत २७ सेकंद. सर्व्हरची लिंक १०० मेगाबिटवर घसरलेली असेल तर हाच आकडा साडेचार मिनिटांच्या वर जातो. 'ईथटूल'ने सर्व्हरच्या कार्डाचा वेग पाहा. चारपैकी एक जोडी तुटलेली केबलही गिगाबिटला १०० वर आणते. डीएनएसमास्क मुळात एका वेळी टीएफटीपीच्या ५० जोडण्या घेतो. तिसांना ते पुरते. साठांच्या खोलीत 'टीएफटीपी-मॅक्स' वाढवा.

इनिटरामएफएसच्या प्रॉम्प्टवर पडलेले यंत्र खरे तर सगळ्यात सोयीचे, कारण तिथे हाताशी शेल, म्हणजे कमांड देण्याची सोय, असते. आधी पत्ता मिळाला आहे का ते पाहा. नेटवर्क कार्डच दिसत नसेल तर इनिटआरडीत त्याचा ड्रायव्हर नाही. डेबियन आणि उबुंटूत '/ईटीसी/इनिटरामएफएस-टूल्स/इनिटरामएफएस.कॉन्फ' उघडा. तिथे मॉड्यूल्ससमोर 'डेप' असेल तर इनिटआरडीत फक्त सर्व्हरच्या स्वतःच्या हार्डवेअरचे ड्रायव्हर जातात. सर्व्हर त्याने मस्त बूट होतो, म्हणून तिकडे कोणाचे लक्षही जात नाही. ते 'मोस्ट' करा, 'अपडेट-इनिटरामएफएस -यू' चालवा, मग 'एलटीएसपी इमेज'. काही कार्डांना फर्मवेअरचे वेगळे पॅकेज लागते. रियलटेकसाठी डेबियनमध्ये 'फर्मवेअर-रियलटेक', आणि डेबियन १२ पासून ते 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या विभागात आहे.

पत्ता आहे पण एनएफएस जुळत नाही, तर इनिटरामएफएसमधली एनएफएस जोडणारी कमांड तोकडी आहे हे लक्षात घ्या. तिला चौथी आवृत्ती येत नाही, तिसरीच येते. सर्व्हर सुरक्षित करण्याच्या भरात कोणी 'एनएफएस.कॉन्फ'मध्ये तिसरी आवृत्ती बंद केली असेल, किंवा फायरवॉलमध्ये फक्त २०४९ (एनएफएसचा मुख्य पोर्ट) उघडा ठेवला असेल, तर डेस्कटॉपवरून एनएफएस व्यवस्थित जुळते आणि थिन क्लायंट तेवढे अडतात. तिसऱ्या आवृत्तीला १११ आणि माउंटडीचा (जोडणीची परवानगी देणारी एनएफएसची सेवा) पोर्टही लागतो. माउंटडीचा पोर्ट 'एनएफएस.कॉन्फ'मध्ये ठरवून द्या आणि मग तो उघडा. 'शोमाउंट -ई'ने '/एसआरव्ही/एलटीएसपी' दिसते का ते पाहा; नसेल तर 'एलटीएसपी एनएफएस' पुन्हा चालवा.

मेनूत कर्नलच्या ओळीतून 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' काढले की काय चालले आहे ते दिसू लागते. 'ब्रेक=माउंट' जोडले तर यंत्र एनएफएस जोडण्याआधी मुद्दाम थांबते. 'एलटीएसपी.कॉन्फ'मध्ये 'डीबग_शेल=१' ठेवले तर चूक झाली की शेल मिळते. काम झाल्यावर ते काढून टाकायला विसरू नका. पासवर्डाशिवाय रूटचे शेल खोलीत कोणाच्याही हाती पडू नये.

कर्नल आणि इमेज यांची जोडी फुटली तर प्रकार गमतीशीर होतो. यंत्र उठते, पण आवाज नाही, यूएसबी नाही, चित्र कसेबसे. 'यूनेम -आर' जी आवृत्ती सांगतो त्या नावाचा फोल्डर '/लिब/मॉड्यूल्स'मध्ये आहे का ते पाहा. नसेल तर 'एलटीएसपी कर्नल' चालवून इमेजमधला कर्नल टीएफटीपीच्या फोल्डरमध्ये परत आणा.

आणखी एक सापळा इमेज बनवतानाचा. 'एलटीएसपी इमेज' जुनी फाइल '.ओल्ड' नावाने ठेवते, त्यामुळे चालू क्लायंट तिच्यावर तग धरून राहतात. लागोपाठ दुसऱ्यांदा चालवली की ती जुनी फाइल जाते आणि सकाळपासून चालू असलेल्या यंत्रांवर स्क्वॉशएफएसच्या चुका किंवा 'स्टेल फाइल हँडल' दिसू लागते. क्लायंट बंद असताना इमेज बनवणे उत्तम. चालू असताना बनवलीच, तर दुसरी बनवण्याआधी सगळे रीबूट होऊ द्या.

आता लॉगिन. इथे क्लायंटच्या पडद्याकडे पाहून काही हाती लागत नाही, कारण दोष कोणताही असला तरी पडदा तेच एक वाक्य दाखवतो. सर्व्हरवर 'जर्नलसीटीएल -यू एसएसएच -एफ' लावून ठेवा आणि दुसऱ्या माणसाला क्लायंटवर लॉगिन करायला सांगा. चार गोष्टी होऊ शकतात.

पहिली: लॉगमध्ये काहीच येत नाही. सर्व्हरपर्यंत जोडणी पोहोचतच नाही, किंवा क्लायंटला तो वापरकर्ता माहीतच नाही. वापरकर्त्यांची यादी 'एलटीएसपी.आयएमजी'मधून जाते. काल संध्याकाळी नवे वापरकर्ते जोडले आणि 'एलटीएसपी इनिटआरडी' चालवली नाही, तर आज सकाळी ते क्लायंटवर अस्तित्वातच नसतात. जुन्यांना आत जाता येते आणि नव्यांना नाही, हे याचे हमखास लक्षण.

दुसरी: जोडणी येते आणि पासवर्ड विचारण्याआधीच तुटते. 'प्रीऑथ' असा शब्द ओळीच्या शेवटी दिसतो. सर्व्हरच्या एसएसएच चाव्या बदलल्या आहेत आणि क्लायंटकडे जुनी ओळख आहे. सर्व्हर पुन्हा बसवला, बॅकअपवरून उभा केला, की हे होतेच. उपाय तोच, 'एलटीएसपी इनिटआरडी' आणि रीबूट.

वर्ग भरला की एकाच वेळी लॉगिन करणाऱ्यांपैकी काहींना नकार येतो आणि मिनिटाने तीच माणसे आत जातात, असे असेल तर लॉगमध्ये 'मॅक्सस्टार्टअप्स' शोधा. एसएसएचचे मूळ मूल्य १०:३०:१०० आहे. पासवर्ड अजून न दिलेल्या जोडण्या १० झाल्या की पुढच्या येणाऱ्यांपैकी ३० टक्के नाकारल्या जातात, प्रमाण वाढत जाते आणि १०० वर सगळ्याच नाकारल्या जातात. तीस जणांसाठी १००:३०:२०० ठेवा. हा दोष एकट्याने तपासताना कधीही सापडत नाही.

तिसरी: 'फेल्ड पासवर्ड'. बहुतेक वेळा पासवर्ड खरोखरच चुकलेला असतो. वापरकर्ता शपथेवर बरोबर सांगत असेल तर त्याला तो पासवर्ड वापरकर्त्याच्या नावाच्या रकान्यात टाइप करून पाहू द्या, अर्थात आजूबाजूला कोणी नसताना. लेआउट बदललेला किंवा नमलॉक बंद असल्याचे लगेच कळते. सगळ्यांनाच नकार असेल तर सर्व्हर पासवर्ड घेतो तरी का ते पाहा. 'एसएसएचडी -टी', यातला 'टी' मोठ्या लिपीतला, चालवून 'पासवर्डऑथेंटिकेशन' काय आहे ते वाचा. मुख्य फाइलमध्ये 'येस' लिहिलेले पाहून समाधान मानू नका. एसएसएच पहिले सापडलेले मूल्य धरतो, आणि उबुंटूत 'एसएसएचडी_कॉन्फिग.डी' फोल्डरमधल्या फाइली आधी वाचल्या जातात. तिथे '५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ' 'नो' म्हणत बसलेली असू शकते. 'अलाऊयूजर्स', 'अलाऊग्रुप्स' आणि फेल२बॅन (लॉगिन वारंवार चुकले की पत्ता अडवणारा प्रोग्रॅम) हेही तेव्हाच पाहून घ्या.

चौथी: 'अ‍ॅक्सेप्टेड पासवर्ड' येते आणि तरी वापरकर्ता लॉगिनवर परत फेकला जातो. पासवर्डाचा विषय संपला. आता होम आणि सेशन. 'डीएफ -एच' आणि 'डीएफ -आय' दोन्ही पाहा, कारण जागा शिल्लक असून आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपलेले असू शकतात. कोटा पाहा. होममधल्या '.एक्सऑथॉरिटी'चा मालक रूट झालेला नाही ना ते पाहा; सुडो लावून ग्राफिकल प्रोग्रॅम चालवल्यावर असे होते.

यातलाच एक कमी ओळखला जाणारा प्रकार '.बॅशआरसी'चा. कोणीतरी तिच्यात स्वागताचा संदेश छापणारी ओळ अगदी वर टाकलेली असते. सर्व्हरवर ती छान दिसते, पण एसएसएचएफएसच्या संवादात तो मजकूर मध्येच घुसतो आणि जोडणी तुटते. दुसऱ्या यंत्रावरून त्या वापरकर्त्याने एसएसएच करून '/बिन/ट्रू' चालवा. पडद्यावर एक अक्षरही उमटता कामा नये. उमटले तर ती ओळ फक्त इंटरॅक्टिव्ह शेलसाठी असलेल्या भागात, खाली हलवा. सगळ्यांचेच होम जोडले जात नसेल तर एसएसएचच्या सेटिंगमधली एसएफटीपीची 'सबसिस्टिम' ओळ कोणी काढली आहे का ते बघा.

होमवर संशय असेल तर नवा चाचणी वापरकर्ता बनवून पाहावा हा सल्ला सगळे देतात आणि तो चांगलाही आहे, फक्त एलटीएसपीत तो वापरकर्ता क्लायंटवर दिसायला 'एलटीएसपी इनिटआरडी' आणि रीबूट लागतो. ते न करता पाहिले तर वरच्या पहिल्या प्रकारात अडकाल आणि निष्कर्ष चुकेल.

क्लायंटच्या आतून पाहायचे असेल तर तिथे रूटला पासवर्ड हवा. 'एलटीएसपी.कॉन्फ'च्या नमुन्यात त्यासाठीच्या ओळी टिप्पणी करून ठेवलेल्या असतात. हॅश टाकून त्या उघडा, इनिटआरडी ताजी करा, आणि कंट्रोल-आल्ट-एफ२ वर जा. तिथे 'गेटेंट पासडब्ल्यूडी'ने वापरकर्ता दिसतो का, सर्व्हरला एसएसएच होते का, आणि 'फ्री -एच'मध्ये किती रॅम उरली आहे, एवढे तीन पाहिले की बहुतेक उत्तरे मिळतात. रॅमचे महत्त्व असे की नव्या एलटीएसपीत सगळे प्रोग्रॅम क्लायंटवरच चालतात. सर्व्हरमध्ये ६४ जीबी घातली तरी १ जीबीच्या क्लायंटला तिचा उपयोग नाही. डिस्क नाही म्हणून स्वॅप नाही, आणि लिहिलेली प्रत्येक तात्पुरती फाइलही रॅमच खाते. कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' दिसले तर हलका डेस्कटॉप द्या किंवा रॅम वाढवा. २ जीबीच्या खाली ब्राउझर वापरण्याजोगा राहत नाही.

लॉगिनची चौकट येण्याआधीच काळा पडदा पडत असेल आणि तोही ठरावीक मॉडेलवरच, तर ग्राफिक्स ड्रायव्हर. मेनूत 'नोमोडसेट' जोडून एकदा पाहा. चित्र आले तर 'एलटीएसपी.कॉन्फ'मध्ये त्या यंत्राच्या मॅक पत्त्याचा विभाग करून 'कर्नल_पॅरामीटर्स'मध्ये ते लिहा. इथे मात्र इनिटआरडीची कमांड उपयोगाची नाही. हे पॅरामीटर मेनूतून जातात, म्हणून 'एलटीएसपी आयपीएक्सई' चालवा.